पहिल्या उकळीचं पाणी

२९ जानेवारी

ताई,

फोनवर ब्लॉक केलंस, मेसेज जात नाहीत, म्हणून कागद. कागदाला ब्लॉक करता येत नाही. फाडता येतो, पण फाडायच्या आधी डोळा जातोच. तुझा तर जाणारच, तू शेजाऱ्यांचं लाइट बिलसुद्धा वाचतेस.

कशी आहेस वगैरे विचारणार नाही. परवा कशी होतीस ते मी पाहिलंय. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून माझी भाजीची अख्खी टोपली खाली! त्यातली पालकाची जुडी वॉचमनच्या सायकलच्या सीटवर जाऊन बसली. तो वर बघून काय म्हणाला आठवतंय? "मॅडम, बीट पण येऊ द्या, सॅलड होईल." एरवी तू हसली असतीस. परवा तू फक्त म्हणालीस, "तुझं ज्ञान बॅगेत भर आणि नीघ."

भरलं आणि निघालो. पण तीन आठवडे मी त्या घरात जे बघितलं ते आता लिहूनच काढतो.

तू भाजी मारतेस, ताई. शिजवत नाहीस, मारतेस. गाजर बारीक चिरायचं, तासन्‌तास पाण्यात बुडवून ठेवायचं, मग पातेलंभर पाण्यात उकळायचं, ते पाणी सिंकमध्ये ओतायचं, पुन्हा नवं पाणी, पुन्हा उकळायचं, तेही सिंकमध्ये. शेवटी ताटात जे पडतं त्याला गाजर म्हणायला गाजरालासुद्धा लाज वाटेल. मी पहिल्यांदा ते केशरी पाणी नळाखाली जाताना बघितलं तेव्हा हात पुढे करून अडवावंसं वाटलं. सगळी व्हिटॅमिन्स, सगळे मिनरल्स गटारात! मी आठवड्याला चार सोसायट्यांमध्ये जाऊन 'या महिन्यात काय खावं' यावर बोलतो. लोक वह्या घेऊन बसतात, ताई. आणि माझ्याच घरात बाबा चोथा चावतायत.

बाबा! ज्यांनी तीस वर्षं मंडईतले तराजू दुरुस्त केले आणि रोज पिशवीभर भाजी आणली. ज्यांनी आपल्याला शेंग कानाजवळ मोडायला शिकवली. "आवाज आला तर भाजी, नाही आला तर चारा." त्या माणसाला तू चारा घालतेस. मीठसुद्धा नाही. विचारलं तर म्हणतेस, "बीपी आहे." बीपी असलेल्यांना ताजं खायचं असतं, हे कुठल्याही डॉक्टरला विचार.

मी होतो तेवढे दिवस बाबांच्या चेहऱ्यावर तेज आलं होतं. त्यांनाच विचार. शेवटी शेवटी पाय जड वाटतात म्हणाले, पण ते नॉर्मल आहे. वर्षभराचा साचलेला कचरा शरीर बाहेर टाकत असतं, तेव्हा पहिले काही दिवस थकवा येतोच. हे आमच्या कोर्समध्ये होतं.

निघताना जे बोललो ते रागात बोललो. पण चुकीचं बोललो असं वाटत नाही.

तुझा,
म्हणजे नावापुरता तुझा,
भाऊ

ता. क. डीप फ्रीजर साफ करायची गरज नाही. मी येताना केलाय. उगाच उचकापाचक करू नकोस.


८ फेब्रुवारी

ताई,

खालच्या मजल्यावरच्या काकूंकडून कळलं. काकूंकडून! माझा बाप तीन दिवस हॉस्पिटलमध्ये आहे आणि मला ते जिन्यात चपला मोजत बसणारी बाई सांगते. "अरे, तुला माहीत नाही? सकाळी बाथरूमच्या दारात पडले, पाय उचलेनात, नाडी वेडीवाकडी चालली होती." आणि मग इतक्या सहज, जणू वाण्याची उधारी सांगतेय, "किडन्यांचं तर वर्षभर चालूच आहे ना रे."

वर्षभर.

बीपी म्हणालीस ना मला? बीपी! अकरा महिने तुम्ही दोघं मिळून मला मूर्ख बनवत होतात. तीन आठवडे मी तुमच्या मधल्या खोलीत झोपलो, तुझ्या शिलाई मशीनच्या खडखडाटात उठलो, युनिफॉर्मच्या ढिगावर बसून चहा प्यायलो आणि एकदाही, एकदाही तुला वाटलं नाही की याला सांगावं? काकू म्हणतात बाबांनी तुला शपथ घातली होती. "तो सगळं सोडून येईल, त्याचं आत्ता कुठे बस्तान बसतंय." वा! शपथ पाळणारी आली मोठी. लहानपणी माझी फुटलेली पाटी आईला सांगायच्या बाबतीत तुझी कुठलीच शपथ दोन तासांवर टिकली नाही.

रक्तात पोटॅशियम खूप वाढलं होतं म्हणे. रात्रीतून डायलिसिसच्या मशीनवर घ्यावं लागलं. आता बरे आहेत, बोलतायत, नर्सला तिचा वजनकाटा दोनशे ग्रॅम चुकतोय म्हणून सांगितलं म्हणे. म्हणजे बरे आहेत.

मी काल दिवसभर पोटॅशियमबद्दल वाचत होतो. आमच्या कोर्समध्ये ते एकाच स्लाइडवर होतं, 'पोटॅशियम तुमचा मित्र'. असो.

डॉक्टरांनी खाण्याबद्दल काय विचारलं? नक्की काय काय विचारलं? बाबा काय बोलले? मला हे कळायला हवं, मुलगा आहे मी त्यांचा. आणि एक लक्षात ठेव, मी सत्तावीसला निघालो. बाबा पाच तारखेला पडले. मध्ये नऊ दिवस ते फक्त तुझ्या हातचं खात होते. खाई त्याला खवखवे म्हणतात. मला काही खवखवत नाहीये.

मी निघतोय म्हणून काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "ताई म्हणते, तो आला तर मी वॉर्डच्या दारात उभी राहीन." राहा उभी.

भाऊ


११ फेब्रुवारी

ताई,

वॉर्डच्या दारात तू खरंच उभी होतीस. हातात डबा, ओढणीला सुई टोचलेली तशीच, बोटाला अंगुस्तान. मशीनवरून उठून आली असशील. मी पाच पावलांवर. तू एवढंच म्हणालीस, "आज नको." मी म्हटलं, "मग कधी?" तू म्हणालीस, "मला नाही माहीत, पण आज तुझं तोंड बघवत नाही." मागून कुणीतरी स्ट्रेचर घेऊन आलं, आपण दोघं दोन बाजूंना झालो, आणि स्ट्रेचर गेल्यावर तू दाराच्या आत होतीस. शाळेत असताना खो-खोत कधी एवढी चपळ नव्हतीस.

सहा तास बसमध्ये बसून आलो होतो, सहा तास बसून परत गेलो. बाप माझा आणि पास तुझ्याकडे!

जाताना काकूंकडे पाच मिनिटं टेकलो. त्यांनी सांगितलं की तू रडतेस. डॉक्टरांनी विचारलं, "भाजीचं पाणी टाकत होता ना?" आणि तू म्हणालीस, "हो, पण एखाद्या दिवशी ऑर्डरच्या गडबडीत एकच उकळी दिली असेन." तेव्हापासून तू म्हणे गॅससमोर घड्याळ ठेवून उभी असतेस, तीन-तीन उकळ्या देतेस, त्या हॉस्पिटलच्या डब्यातल्या चार फोडींसाठी. काकू म्हणाल्या, "स्वतःला खातेय पोरगी."

ते पाणी का टाकायचं असतं ते मला आता माहीत आहे. सगळं पोटॅशियम त्या पाण्यात उतरतं, म्हणून. हे तू मला पहिल्या दिवशी, सिंकपाशी, एका वाक्यात सांगू शकली असतीस. एका वाक्यात! त्याऐवजी तू पातेलं आपटलंस. म्हणून हे तुझ्यावर पण आहे, ताई. 'पण' लिहिलं ते खोडत नाही.

एका दिवशी एक उकळी कमी पडल्याने माणूस मशीनवर जात नाही. एवढं मी तुला खात्रीने सांगतो. कशावरून ते विचारू नकोस. वाचलंय मी. घड्याळ उचल तिथून.

भाऊ


१५ फेब्रुवारी

ताई,

काकूंचा फोन होता. गुरुवारी बाबांना घरी सोडतायत. म्हणून आता हे लिहायलाच पाहिजे. चार कागद फाडले. पहिल्या तिन्हीत मी हुशार दिसत होतो.

ते पाणी मी सिंकमध्ये जाऊ देत नव्हतो.

तू पातेलं उतरवून झाकण धरून ओतायचीस आणि मशीनवर जायचीस. दुसऱ्या दिवसापासून मी सिंकमध्ये मोठं तपेलं ठेवायला लागलो. तू म्हणालीस, "हे काय मध्येच?" मी म्हटलं, "कुंड्यांना घालतो." तू म्हणालीस, "एवढी तरी अक्कल आहे." गॅलरीतल्या कुंड्यांना एक थेंब मिळाला नाही. तू दुपारी तयार कपडे द्यायला गेलीस की मी ते पाणी आटवायचो. त्यात पालक वाटून, टोमॅटो चार, वर संत्र्याचा रस. आणि मीठ. वाटीभर सूप. पहिल्या उकळीचं पाणी सगळ्यात घट्ट रंगाचं असतं, तेच बाबांना द्यायचो. दुसऱ्या उकळीचं मी प्यायचो. त्याग!

बाबांनी पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. किती तरी वेळ तोंडातच धरून ठेवला. मग म्हणाले, "बारक्या, हे आहे." एवढंच. मला वाटलं, बघा, शरीर बोलतंय! मी त्या दिवशी माझ्या ग्रुपवर पोस्ट टाकली होती. 'वडिलांना पुन्हा चव सापडली.' एकशे बारा लोकांनी बदाम पाठवले. काल पुसली.

तीन आठवडे, रोज. तू येण्याच्या आधी बाबा स्वतः वाटी विसळून पालथी घालायचे. मी त्याला आमची गंमत समजत होतो. त्यांना माहीत होतं ना, ताई? त्यांना सगळं माहीत होतं आणि ते पीत होते. पाय जड झाले म्हणाले, तेव्हा मी त्यांना दोन वाट्या दिल्या. कचरा लवकर बाहेर पडावा म्हणून.

आता खरं ते. मी तसाही निघणारच होतो, म्हणून टोपलीच्या आदल्या दिवशी सगळं आटवून आटवून घट्ट केलं आणि बर्फाच्या दोन ट्रेमध्ये ओतलं. चोवीस तुकडे. फ्रीजरमध्ये मटारच्या पाकिटामागे. बाबांना सांगितलं, रोज एक, गरम पाण्यात. ताईला कळू देऊ नका, ती फेकून देईल. ते नऊ दिवस ते फक्त तुझ्या हातचं खात नव्हते. तिथेही मीच होतो, मटारच्या मागे.

तुझी एक उकळी कमी पडली नव्हती. तुझं सगळं बरोबर होतं. तू जे काढून टाकत होतीस ते मी गोळा करून परत घालत होतो.

ट्रे अजून तिथे असतील, आणि गुरुवारी बाबा घरी येतायत. म्हणून मी पत्राची वाट न बघता काकूंना फोनवर सगळं सांगितलं. ती बाई, जी दोन वाक्यांमध्ये श्वास घेत नाही, तिने माझ्याकडून सगळं दोनदा वदवून घेतलं. मग म्हणाली, "ट्रेचं मी बघते, आज तिच्याबरोबर वर जाते. पण बाकीचं तू लिही. माझ्या तोंडून गेलं तर ती चुगली, तुझ्याकडून आलं तर कबुली." म्हणून लिहितोय. नाहीतर, खरं सांगतो, नसतं लिहिलं. तू घड्याळ लावून उभी राहिली असतीस आणि मी उभं राहू दिलं असतं. चार दिवस दिलंच ना.

आणि निघताना जे बोललो होतो. "शिकली असतीस तर कळलं असतं." ते पहिल्या पत्रात 'जे बोललो ते' म्हणून टाळलं. आई गेल्यावर दहावीनंतर तू मशीनवर बसलीस आणि माझी इंग्लिश मीडियमची फी त्या मशीनमधून निघाली, हे मला माहीत असताना बोललो. टोपली तू त्यानंतर फेकलीस. आधी नाही. हा क्रम मी काकूंना उलटा सांगितला होता.

माफी मागत नाही. मागितली तर तुला ती द्यायची की नाही ते ठरवावं लागेल, आणि तुला आत्ता बरीच कामं आहेत.

बारक्या


१९ फेब्रुवारी

ताई,

काकू म्हणाल्या फ्रीजरमध्ये ट्रे नाहीत. मटारसुद्धा नाहीत. मी चार दिवस भीतीने अर्धा झालो, म्हटलं बाबांनी कुठे हलवले की काय. आणि आज पार्सल आलं.

माझे दोन ट्रे. घासून, पुसून, युनिफॉर्मच्या उरलेल्या निळ्या कापडात गुंडाळून. तुझं पत्र नाही, एक ओळ नाही. पार्सलवरचा शिक्का तेरा तारखेचा आहे. माझी कबुली मी पंधराला टाकली. म्हणजे तुला आधीच कळलं होतं.

मग मी ट्रेखाली ठेवलेला कागद बघितला. डायटिशियनच्या तक्त्याची झेरॉक्स. इंग्लिशमध्ये, बारीक टायपात. आणि प्रत्येक ओळीच्या वर तुझं अक्षर. एकेका शब्दाचा अर्थ. काही ठिकाणी खोडून पुन्हा. एका शब्दावर तीनदा प्रश्नचिन्ह, मग अर्थ. हा तक्ता तू कुठल्या डिक्शनरीत बघून लावलास, ताई? आणि हे कागद घरात असताना मी तुझ्यासमोर स्लाइड दाखवत होतो. मी एकदाही विचारलं नाही, तू असं का करतेस. तीन आठवड्यांत एकदाही नाही. मी फक्त, तू असं कसं करतेस, हेच विचारत होतो.

कागदाच्या मागे बाबांचं अक्षर आहे. ओळ खाली घसरलीय. तराजूचा काटा लावणारा हात.

"बारक्या, रोज एक सांगितलं होतंस. मी दोन-दोन घेतले. सहा उरले होते, ते कुठे आहेत ते मीच इथून ताईला सांगितलं. डॉक्टरला पण सांगितलं. मीठ बरोबर होतं. ताईला काही बोलू नकोस."

तुला काही बोलू नकोस म्हणतात. मी इतके दिवस दुसरं काय केलं?

राग मात्र गेलेला नाही, तो राहू दे. तेराला तुला माहीत होतं, तरी काकूंना बोलली नाहीस, माझ्या कबुलीची वाट बघत बसलीस. मी लिहितो की नाही ते बघत होतीस ना? परीक्षा घेत होतीस. घे. काठावर पास झालो असेन, तेही काकूंनी कॉपी पुरवली म्हणून.

एक सांगायचं राहिलं. तुझा तक्ता आता माझ्या खोलीत गॅसच्या वर चिकटवलाय. सोळा तारखेपासून मी तुझ्या पद्धतीने शिजवून खातोय. आधी तुला बघितलेलं आठवून, आजपासून तक्त्यातून. चिरायचं, भिजवायचं, उकळायचं, ओतायचं, पुन्हा उकळायचं, ओतायचं. मीठ नाही. बाजारात गाजरं काय सुंदर आलीयत, मोडली की टणत्कार होतो! आणि मी त्यांचा चोथा करतो. पहिल्या दिवशी वाटलं, ठीक आहे. दुसऱ्या दिवशी घास फिरायला लागला. काल रात्री मी सिंकपाशी उभा होतो, केशरी पाणी खाली जात होतं, आणि खरं सांगतो, मी नळ बंद करून पेला पुढे केला. मला काही झालेलं नाही, माझ्या किडन्या धडधाकट आहेत, आणि तरी तिसऱ्याच दिवशी माझा हात गेला.

बाबांनी हे अकरा महिने खाल्लं.

आणि मग मला आठवलं. त्या तीन आठवड्यांत तू जेवायला बसायचीस तेव्हा तुझ्या ताटात काय होतं. मी त्यावर जोक केला होता ना? "तुला कोणी सांगितलंय आजाऱ्याचं खायला, जीभ शिवून टाकलीस काय मशीनवर?" तू पाणी प्यायलीस आणि पुढचा घास घेतलास. घरात एकच पातेलं चढत होतं, ताई. बाबांना एकट्याने खायला लागू नये म्हणून. तुझ्या किडन्या पण धडधाकट आहेत.

तुझा हात एकदाही पेल्याकडे गेला नाही.

मी रविवारी येतोय. दार उघडू नकोस हवं तर, तो तुझा हक्क आहे. मी जिन्यात बसेन, काकूंच्या चपलांशेजारी. येताना भाजी आणतोय, पण तक्त्यातली, तू 'चालेल' लिहिलंयस त्यातलीच. चिरून, भिजवून ठेवलेला डबा तेवढा दारातून घे. पाणी मी स्वतः ओतून आलेलो असेन.

आणि तुझ्यासाठी वेगळ्या पिशवीत चार गाजरं. कच्ची. ती उकळू नकोस. मशीनवर बसल्या बसल्या, बाबांना ऐकू जाणार नाही अशी मोड.

बारक्या